पाणचक्कीचा हौद

आमच्या गावी पाहुणा आला की त्याला प्रथम मकबरा दाखवावयाचा आणि परतताना पाणचक्कीवर न्यावयाचे, असा एक अलिखित रिवाज आहे. मकबरा पाहून पाहुणा गप्प होतो आणि पाणचक्की पाहून प्रश्न विचारू लागतो. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याची सात वर्षांची मुलगी हौदातल्या माशांना चुरमुरे टाकता टाकता मला म्हणाली, "आजोबा, चक्की एवढीशी आणि पाणी एवढं! मग हौद कशाला?"

त्या वेळी मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्याचे कारण असे, की ज्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे गेली तिच्यात मला आलेली सर्वांत मोठी अडचण ह्याच प्रश्नाची होती. तो हौद पाण्याचा नव्हता, एवढाच काय तो फरक. आमच्या संस्थेत जुनी कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे संगणकात भरून ठेवण्याचे काम चाले, आणि रोज रात्री त्या साऱ्या मजकुराची राखीव प्रत चुंबकीय फितीवर उतरविणे ही माझी जबाबदारी होती. ते दळण तीन वर्षे बिघडत राहिले. ते कशाने बिघडले आणि कशाने सुधारले, हे सांगावयाचे म्हणजे थोडा इतिहास सांगणे आले.

*

प्रथम पाण्याचा इतिहास. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, मोगलांशी उभा जन्म झुंजला आणि १६२६ मध्ये निवर्तला. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, गावाला फत्तेनगर म्हटले. पुढे दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद हे नाव दिले आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली, तहान मात्र तीच राहिली. खाम नदी नावालाच नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरे विटीदांडू खेळत. अशा ठिकाणी राजधानी वसवावयाची तर पाणी आधी हवे, हे अंबराने ओळखले. उत्तरेकडच्या डोंगरांत जमिनीखाली झिरपणारे पाणी त्याने गोळा केले आणि भुयारी नळांतून शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे इतरही नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच एक. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याच्या आश्रयाने ती आणि तिच्यावरची चक्की उभी राहिली. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणावयाचे, उंच चढवून खाली सोडावयाचे आणि त्या धारेच्या जोरावर जाते फिरवून फकिरांच्या नि यात्रेकरूंच्या भाकरीचे पीठ दळावयाचे, अशी ती योजना.

या नहरींची खरी करामत नळांत नाही, नळांच्या वाटेवरच्या थांब्यांत आहे. जागोजागी विटाचुन्याचे उंच स्तंभ बांधलेले. पाणी त्यांत वर चढावयाचे, आत अडकलेली हवा सुटावयाची, दाब उतरावयाचा आणि मग पाणी शांतपणे पुढे जावयाचे. शहरात पोचल्यावर ते एकदम लोकांच्या घागरीत पडत नसे. आधी हौदांत साठत असे. झरा रात्रंदिवस एका लयीत वाहतो. माणसे मात्र सकाळी सकाळी एकदम पाण्यावर येतात आणि दुपारी कोणी फिरकत नाही. देणाऱ्याची लय वेगळी, घेणाऱ्याची लय वेगळी. या दोन लयींची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे हौद. भाच्याच्या मुलीला हेच उत्तर द्यावयाचे राहून गेले.

चक्कीचेही तसेच. गृहिणींना हे सांगावयास नको. पिठाच्या गिरणीत वरच्या पेटीत धान्य ओततात आणि ते खाली दगडांत एका धारेने उतरते. पेटी रिकामी पडली आणि गिरणीवाल्याचे लक्ष नसले, तर दगडावर दगड घासतो, पिठात कच येते आणि टाकी लावण्याचा खर्च अंगावर पडतो. जाते रिकामे फिरवू नये, असे आमची आजी म्हणे. या वाक्याचा अर्थ मला पन्नाशीनंतर कळला.

*

आता फितीचा इतिहास. दौलताबादेहून खुलताबादेस जाताना कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविली तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि ते येथेच राहिले, असे परंपरा सांगते. चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करण्याची ती कला तेथे शतकानुशतके टिकली. लिहिलेले टिकावे म्हणून कागद. चुंबकीय फितीचा जन्मही कागदावरच झाला, हे वाचून वाचकांना गंमत वाटेल. डेन्मार्कच्या पौल्सेनने १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज पकडून दाखविला होता. परंतु तार जड आणि महाग. जर्मनीत ड्रेस्डेन येथे फ्लॉइमर नावाचा एक खटपट्या गृहस्थ सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टी चढविण्याची युक्ती शोधत होता. कागदावर धातूची पूड चिकटविता येते, तर लोहाची पूड का चिकटवू नये, असे त्याच्या मनात आले आणि १९२८ मध्ये लोहाची पूड लावलेल्या कागदी फितीचे पेटंट त्याने घेतले. कागद फाटे, म्हणून पुढे प्लॅस्टिक आले. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र लोकांनी पाहिले.

संगणकाने ही फीत उचलली ती १९५१ मध्ये. अमेरिकेच्या जनगणना खात्यासाठी तयार झालेल्या युनिव्हॅकने आपले आकडे धातूच्या फितीवर ठेवले. पुढच्याच वर्षी आयबीएमने प्लॅस्टिकची अर्धा इंच रुंद फीत आणली, आणि येथे आपला हौद पुन्हा भेटतो. अडचण अशी होती : फीत हलकी, पण तिची चाके जड. संगणक क्षणात म्हणे 'चल', क्षणात म्हणे 'थांब'. जड चाकाला एवढ्या तातडीने थांबविले तर फीत तुटे. तेव्हा आयबीएमच्या तंत्रज्ञांनी दोन्ही चाकांच्या खाली दोन उभे पोकळ स्तंभ बसविले आणि त्यांतली हवा खालून ओढून घेतली. फितीचा एक एक सैल झोळ त्या स्तंभांत लोंबत राही. लिहिणाऱ्या भागाने फीत ओढली की आधी झोळ आखडे. जड चाक मागाहून सावकाश फिरे आणि झोळ पुन्हा भरून काढी. नहरीच्या स्तंभात पाणी जे करी, तेच या स्तंभात फीत करी.

१९६२ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात ॲटलास नावाचा मोठा संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न यांच्या चमूने तो बांधला. ॲटलास फार वेगवान, परंतु त्याला माहिती देणारी नि त्याची उत्तरे छापणारी यंत्रे मंद. छपाईयंत्राची वाट पाहात एवढे महागडे यंत्र बसून राहणे परवडणारे नव्हते. म्हणून येणारे काम आधी एका ठिकाणी साठवावे, तयार झालेली उत्तरे दुसऱ्या ठिकाणी साठवावी आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने भरावे नि उपसावे, अशी योजना त्यांनी केली. या दोन साठवणींना त्यांनी काय नाव द्यावे? विहीर! एक भरतीची विहीर, एक उपशाची विहीर. मराठवाड्यातल्या माणसाला मँचेस्टर इतके जवळचे कधीच वाटले नसेल.

या पद्धतीला पुढे 'स्पूल' हा शब्द रूढ झाला. तो मुळात सूत गुंडाळण्याच्या रिळाचा. पैठणीच्या मागाजवळ बसलेले कोणी पाहिले असेल तर कांडी भरणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते. विणकर धोटा मारीत असतो आणि शेजारी घरातले कोणी पुढच्या कांड्या भरीत असते. कांडी तयार नसली की माग थांबतो, आणि थांबलेल्या मागावरच्या कापडात तेवढी रेघ दिसते.

*

आता माझ्या कथेकडे येतो. मधल्या काळात फीतयंत्रे स्वस्त नि लहान झाली. ते पोकळ स्तंभ गेले. नवी यंत्रे फीत एकसारखी, न थांबता ओढण्यासाठी बनविलेली. २००८ मध्ये आमच्या संस्थेने एलटीओ जातीचे चौथ्या पिढीचे यंत्र घेतले. त्याची एक पेटी तळहातावर मावते. आत अर्धा इंच रुंदीची ८२० मीटर फीत, आणि तिच्यावर ८०० गिगाबाइट मजकूर. फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, तेथून शेजारच्या वाटेने परत येते, अशा ५६ फेऱ्या होतात. म्हणजे पेटी पूर्ण भरेपर्यंत सुमारे ४६ किलोमीटरचा प्रवास. पूर्ण वेगात ती सेकंदाला १२० मेगाबाइट लिहिते, तेव्हा फितीचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर असतो. धावणाऱ्या घोड्याचीच उपमा शोभावी.

घोडा उत्तम होता, पण आमची वैरण अपुरी होती. ध्वनिमुद्रणांच्या संगणकातून नि कागदपत्रांच्या संगणकांतून हजारो बारीकसारीक फायली निघत, त्या सेकंदाला जेमतेम १५ मेगाबाइटच्या गतीने. यंत्र आपला वेग काहीसा कमी करू शकते, परंतु त्यालाही खालची मर्यादा आहे. त्याखाली पुरवठा गेला की ते थांबते. धावती फीत तत्काळ थांबत नाही, थोडी पुढे जाते. म्हणून ती मागे घ्यावयाची, जागा धरावयाची आणि पुन्हा पळवावयाची. पुन्हा वैरण संपते, पुन्हा तेच. बूट पुसणारा पोऱ्या फडके पुढेमागे ओढतो तशी फीत पुढेमागे होत राहते, म्हणून त्या धंद्यातल्या लोकांनी या दुखण्याला बूट-पॉलिश असेच नाव दिले आहे. रात्री दहाला लावलेले ४०० गिगाबाइटचे काम सकाळी लोक कामावर येईपर्यंत चाले, आणि यंत्राच्या खोलीतून सारखी घरघर ऐकू येई. रिकामे जाते फिरत होते.

मी आधी जे केले ते सर्वच करतात. फीत मळली असेल म्हणून साफसफाईची पेटी घातली. मग नव्या फिती मागविल्या. मग विक्रेत्याच्या माणसाला बोलावून आणले. त्याने यंत्र तपासून ते निर्दोष असल्याचे सांगितले, आणि ते खरेच निर्दोष होते. साधा भागाकार कोणी केला नव्हता. ४०० गिगाबाइटला १५ ने भागले की सव्वासात तासांहून अधिक येतात. यंत्र कितीही चांगले असले तरी त्यापूर्वी सुटका नाही.

परंतु याहून वाईट गोष्ट वेगळीच निघाली. आमच्याकडे एक वयस्कर बाई होत्या. पैठणकडच्या खेड्यांत हिंडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. गिरण्या गावोगाव गेल्या तशी जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या ओठांत तेवढ्या उरल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी या कामाला आयुष्य वाहिले नि महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आमच्या बाईंचे काम त्यामानाने लहान, तीस-बत्तीस कॅसेटींचे. पण त्यांच्या दृष्टीने ते सर्वस्व होते. कॅसेटींना बुरशी धरू लागली म्हणून आम्ही त्या एकेक करून संगणकात उतरवीत होतो. एके दिवशी कोणाच्या हातून एका गावाची फाईल पुसली गेली. कॅसेट तर आधीच निकामी झाली होती. मी म्हटले, "बाई, काळजी करू नका. फितीवर आहे."

फितीवर ते नव्हते. लिनक्स या संगणकप्रणालीत फीतयंत्राला दोन नावांनी हाक मारता येते. एक 'एसटी', दुसरे 'एनएसटी'. एसटी म्हटले की आपल्याला लाल गाडी आठवते, आणि येथे ती आठवण उपयोगी आहे. 'एसटी' या नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप आरंभाला गुंडाळली जाते, गाडी मूळ आगारात परतावी तशी. 'एनएसटी' या नावाने लिहिले तर ती आहे तेथेच थांबते. आमच्याकडे एका माणसाने लिहून ठेवलेली आज्ञावली रोज तीन संगणकांचा मजकूर एकामागून एक फितीवर पाठवी, आणि पाठवी ती पहिल्या नावाने. पहिल्याचे लिहून झाले की फीत आरंभाला. दुसऱ्याचे त्याच्यावर. तिसऱ्याचे त्याच्यावर. तिन्ही कामे यशस्वी झाल्याचा अहवाल रोज सकाळी येत असे, आणि तो शब्दशः खराही असे. आठ महिन्यांच्या फितींवर फक्त तिसऱ्या संगणकाचा मजकूर होता. ओव्या पहिल्यावर होत्या.

बाई रागावल्या नाहीत. "त्या गावच्या गाणाऱ्या आता कोणी राहिल्या नाहीत," एवढेच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

*

त्यानंतर मी जुनी आज्ञावली मोडीत काढली. लिनक्सवर चालणारी अमांडा नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. ती अमेरिकेच्या मेरिलँड विद्यापीठात १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत घडली. तिच्यात फितीच्या आधी एका चकतीवर मजकूर साठवून ठेवण्याची सोय आहे. तिन्ही संगणक एकाच वेळी आपापल्या संथ गतीने त्या चकतीत भरत राहतात, आणि एकेकाचा पूर्ण झालेला गठ्ठा तेथून फितीवर एका दमात उतरतो. हाच आमचा हौद.

पण हौद बांधला म्हणजे पाणी आले असे होत नाही. पहिल्या आठवड्यात फरक पडला तो नगण्य. कारण मी हौदासाठी जी चकती दिली होती तिच्यावरच संगणकाची सारी व्यवस्था नांदत होती. चकतीवर वाचणारी-लिहिणारी सुई एकच. ती कधी भरण्याच्या जागी धावे, कधी उपसण्याच्या, कधी तिसऱ्याच कामाला. एका दोरीवर दोन घागरी बांधल्यासारखे झाले होते. मग दोन स्वतंत्र चकत्या घेऊन त्यांवर मजकूर वाटून पसरला, तेव्हा उपसा सेकंदाला १०० मेगाबाइटच्या घरात गेला. दुसरी चूक अशी, की हौदाला मी काठच ठेवला नव्हता. चकती गच्च भरली की सारेच अडते. तेव्हा किती जागा वापरावयाची आणि किती मोकळी सोडावयाची, ते आकड्यात लिहून दिले. रात्री दहाला सुरू झालेले काम दीडच्या आत आटोपू लागले. यंत्राच्या खोलीतली घरघर जाऊन तेथे एकसारखा बारीक सूर आला. ज्याने चांगली चाललेली गिरणी ऐकली आहे त्याला तो सूर ओळखता येईल.

सहा महिने सुखात गेले. मग पावसाळ्यात एक दिवस माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, हौद भरलाय. जुन्या तारखांच्या फायली पडल्यात. काढून टाकू का? कचराच आहे तो."

मी 'टाक' म्हणणार होतो. हौदात गाळ साचतोच, तो उपसावयाचा असतो. परंतु पुसल्या गेलेल्या त्या गावाची आठवण ताजी होती. मी म्हटले, "आधी बघ, तो गाळ आहे की पाणी आहे."

पाणी होते. अकरा रात्रींचे. झाले होते असे : यंत्रात कोणीतरी पाळी नसलेली फीत घालून ठेवली होती. अमांडा शहाणी. ज्या फितीची पाळी नाही तिच्यावर ती लिहीत नाही, मजकूर हौदातच राखून ठेवते आणि तसे पत्र पाठविते. पत्रे रोज जात होती. ती जात होती एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या नावे, ज्यांची टपालपेटी उघडणारे कोणी नव्हते. भरती चालू, उपसा बंद. म्हणून हौद तुडुंब भरला होता. त्या संध्याकाळी आम्ही योग्य फीत घातली आणि अकरा रात्रींचा मजकूर फितीवर सोडला. पत्रे माझ्या नावे वळविली. चौथ्या दिवशी विजेच्या लपंडावात पहिल्या संगणकाची चकती गेली ती कायमची.

त्या अकरा दिवसांत बाईंच्या उरलेल्या नऊ कॅसेटी संगणकात उतरल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती.

नव्या चकतीवर सारे परत आले, तेव्हा मी एक फाईल लावली. आधी जात्याची घरघर ऐकू आली. मग एक थकलेला पण सुरात लागलेला आवाज. मुलगा बाजूला उभा होता. तो काही बोलला नाही. पुढे मी निवृत्त होईपर्यंत, दर सोमवारी कोणी न सांगता, तो कोणतीही एक फीत उचली, तिच्यातली एक फाईल परत काढी आणि ती उघडते की नाही हे वहीत लिहून ठेवी.

*

हे सारे एका लहानशा खोलीत घडले म्हणून त्याची थोरवी सांगावी असे नाही. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलसारख्या अवाढव्य कंपनीच्या टपालव्यवस्थेत बिघाड होऊन हजारो लोकांची पत्रे नाहीशी झाली. मजकूर अनेक चकत्यांवर होता, पण चूक आज्ञावलीतच असल्यामुळे ती सर्व प्रतींवर पोचली. अखेर पत्रे परत आली ती फितींवरून, कारण फिती यंत्राबाहेर काढून ठेवलेल्या होत्या. फितीचे युग संपले असे दर दहा वर्षांनी कोणीतरी सांगते. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ पेटीत १८ टेराबाइट मावतात, म्हणजे आमच्या पेटीच्या बावीसपटीहून अधिक. वेगही वाढला आहे. त्यामुळे हौदाची गरज संपली नाही, वाढली आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एवढेच दिसते, की वेगवान यंत्र आणि संथ माणूस यांच्यामध्ये प्रत्येक काळात कोणीतरी एक साठवण बांधली आहे. अंबराने ती चुन्याविटांत बांधली, आयबीएमने हवा काढलेल्या स्तंभांत, मँचेस्टरकरांनी तिला विहीर म्हटले आणि आमच्या खोलीत ती दोन चकत्यांची होती. या सर्व साठवणींना एकच दोष आहे. त्या भरलेल्या असल्या की आपल्याला वाटते, सारे ठीक चालले आहे. परंतु हौद हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. पाणी त्यात थांबते ते पुढे जाण्यासाठी. म्हणून काठावर बसणाऱ्याने दोन्ही तोंडे पाहावयाची असतात : येते किती आणि जाते किती. आणि अधूनमधून ओंजळ भरून चवही पाहावयाची असते.

बाई आता नाहीत. त्या पुसल्या गेलेल्या गावाच्या ओव्या परत मिळाल्या नाहीत, मिळणारही नाहीत. जे गेले ते आमच्या हलगर्जीपणाने गेले, हे येथे लिहून ठेवलेले बरे. उरलेल्या ओव्या मात्र आहेत, आणि त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावी आहेत.

या दिवाळीत पाहुणे आले की मी पुन्हा पाणचक्कीवर जाईन. भाच्याची मुलगी आता आठ वर्षांची झाली आहे. तिला मी हौदाच्या काठावर बसवून जात्याची गोष्ट सांगणार आहे, आणि घरी आल्यावर त्या नऊ कॅसेटींतली एक ओवी ऐकविणार आहे. तिच्या पणजीच्या पिढीतल्या बायका पहाटे काय म्हणत, हे तिने एकदा तरी ऐकावे. पुढचा प्रश्न ती विचारीलच. त्याचे उत्तर या वेळी माझ्याजवळ आहे.